चामड्याचे पाकीट

चामड्याचे पाकीट म्हणजे नोटा, नाणी, बँकेची कार्डे व ओळखपत्रे जवळ बाळगण्यासाठी कमावलेल्या कातड्यापासून शिवलेली, घडी होणारी चपटी लहान पिशवी होय. पुरुषांच्या पोशाखातील खिशात मावेल अशा आकारात ती बनवली जाते. वाढदिवस, रक्षाबंधन, भाऊबीज, विवाह, सेवानिवृत्ती अशा प्रसंगी पुरुषांना द्यावयाची भेटवस्तू म्हणूनही पाकीट रूढ आहे. पाकिटाचा टिकाऊपणा मुख्यतः कातड्याचा थर, ते कमावण्याची रीत आणि शिवण यांवर अवलंबून असतो. वरील नाममुद्रेवरून तो कळतोच असे नाही.

नाव

'पाकीट' हा शब्द इंग्रजीतील 'पॅकेट' या शब्दावरून मराठीत आला. टपालाचा लिफाफा आणि पैसे ठेवण्याचे साधन असे त्याचे दोन्ही अर्थ प्रचलित आहेत. लग्नकार्यात रोख आहेर ज्या कागदी लिफाफ्यातून दिला जातो, त्यालाही पाकीटच म्हणतात. त्यापूर्वी पैसे ठेवण्यासाठी कमरेला बांधायचा कसा आणि नाडी ओढून तोंड आवळता येणारा बटवा वापरात होता. खिसेकापूसाठी रूढ झालेला 'पाकीटमार' हा शब्द या वस्तूच्या सार्वत्रिक वापराची साक्ष देतो.

इतिहास

कातड्याच्या पिशव्यांचा वापर प्रागैतिहासिक काळापासून होत आला आहे. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात सापडलेल्या 'ओट्झी' या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवाच्या कमरपट्ट्याला वासराच्या कातड्याची पिशवी जोडलेली होती. तीत गारगोटीची लहान हत्यारे होती. नाण्यांच्या काळात अशीच गोलसर, तोंड आवळणारी पिशवी सोयीची ठरली. चपट्या पाकिटाची गरज कागदी चलनामुळे निर्माण झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६९० मध्ये कागदी नोटा काढल्या. भारतात १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारकडे आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकच्या कार्डांचा प्रसार झाल्यावर पाकिटात कार्डांसाठी स्वतंत्र कप्पे आले. भारतात २०१६ पासून यूपीआयद्वारे भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय झाली. रोख रक्कम जवळ बाळगण्याची गरज त्यामुळे कमी झाली असून केवळ कार्डे ठेवण्याची सडपातळ पाकिटेही वापरात आहेत.

कातडे कमावणे

जनावराचे कच्चे कातडे तसेच ठेवल्यास कुजते. त्यावर प्रक्रिया करून त्याचे टिकाऊ चामड्यात रूपांतर करण्याला कातडे कमावणे म्हणतात. याच्या दोन प्रमुख रीती आहेत.

वनस्पतिजन्य रीतीत बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा अशा टॅनिनयुक्त द्रव्यांत कातडे मुरवले जाते. या कामाला अनेक दिवस, कधी कित्येक आठवडे लागतात. असे चामडे सुरुवातीला ताठ असते व हाताळणीने मऊ होते. काळाबरोबर त्याचा रंग गडद होतो आणि त्यावर एक प्रकारची झळाळी येते. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच रीतीने तयार होते.

क्रोम रीतीत क्रोमियमचे क्षार वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या या रीतीने काम थोड्या वेळात होते आणि चामडे मऊ, पातळ व पाण्याला अधिक तोंड देणारे बनते. जगातील बहुतांश चामडे आज याच रीतीने कमावले जाते. सांडपाण्यातील क्रोमियमची योग्य विल्हेवाट न लागल्यास माती व पाणी दूषित होते. या प्रश्नाची दखल न्यायालयांनीही घेतली असून सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर कोलकात्यातील कारखाने शहराबाहेर बानतला येथे हलवण्यात आले.

चामड्याचे प्रकार

कातड्याच्या सर्वांत वरच्या थरातील तंतू घट्ट विणीचे असतात. हा थर न घासता, त्यावरील रंध्रांसह जसाच्या तसा ठेवला, तर त्या चामड्यास 'फुल ग्रेन' म्हणतात. पृष्ठभाग किंचित घासून डाग व ओरखडे काढलेल्या चामड्यास सामान्यतः 'टॉप ग्रेन' असे नाव आहे. वरचा थर वेगळा काढल्यावर उरलेला खालचा थर म्हणजे 'स्प्लिट'; त्याचे तंतू सैल असतात व त्यावर अनेकदा रंगाचा किंवा प्लॅस्टिकचा लेप देऊन कृत्रिम पोत उमटवलेला असतो. 'बाँडेड' प्रकारात चामड्याचा भुगा डिंकासारख्या द्रव्याने एकत्र बांधून त्याचे पत्रे बनवतात. पॉलियुरेथेनच्या लेपाचे कापड, म्हणजे 'पीयू', हे मुळात चामडे नव्हेच. दमट हवेत असा लेप विघटित होऊन त्याचे पापुद्रे सुटतात.

पाकिटावरील 'जेन्युइन लेदर' या शिक्क्याचा अर्थ अनेक ग्राहक 'उत्तम चामडे' असा घेतात. प्रत्यक्षात त्यातून वस्तू खऱ्या चामड्याची असल्याचा दावा तेवढा होतो. स्प्लिट चामड्यावरही तो आढळतो.

दर्जा ओळखणे

खऱ्या चामड्यावरील रंध्रांची रचना अनियमित असते, तर ठशाने उमटवलेला पोत ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा दिसतो. न रंगवलेल्या कडेवर तंतू दिसतात. कृत्रिम मालाच्या कडेला कापडाचा थर आढळतो. वास हा खात्रीचा पुरावा नाही, कारण चामड्याचा वास कृत्रिमरीत्या देता येतो.

शिवणीचे टाके समान अंतराचे व सरळ रेषेत असावे लागतात. कोपऱ्यांवर आणि कप्प्यांच्या तोंडाशी ताण अधिक येत असल्याने तेथे दुहेरी टाके घालतात. हाताने शिवताना कारागीर आरीने छिद्रे पाडून मेण लावलेला दोरा दोन सुयांनी ओवतात. या शिवणीतील एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सहसा उसवत नाहीत. घडीच्या व कडांच्या जागी चामडे रापीने तासून पातळ केलेले नसेल, तर पाकीट जाड होते. बाहेरून उत्तम चामडे आणि आतील कप्पे मात्र कृत्रिम, अशीही पाकिटे मिळतात. म्हणून आतील भाग पाहणे आवश्यक ठरते.

आकार

भारतीय ५०० रुपयांच्या प्रचलित नोटेचे माप १५० × ६६ मिलिमीटर आहे. २०१६ मध्ये चलनातून बाद झालेली १,००० रुपयांची नोट १७७ × ७३ मिलिमीटर होती. त्यामुळे जुन्या मापाची रुंद पाकिटे आता आवश्यक राहिलेली नाहीत. अमेरिकी डॉलरची नोट सुमारे १५६ × ६६ मिलिमीटर असल्याने भारतीय पाकिटात बहुधा मावते. ५० युरोची नोट मात्र १४० × ७७ मिलिमीटर, म्हणजे भारतीय नोटेपेक्षा ११ मिलिमीटर उंच असते व उथळ पाकिटातून वर डोकावते. युरोपात राहणाऱ्या आप्तांसाठी पाकीट घेताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

बँकेच्या कार्डाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणित माप ८५.६० × ५३.९८ मिलिमीटर व जाडी ०.७६ मिलिमीटर आहे. दहा कार्डांचीच जाडी साडेसात मिलिमीटरहून अधिक होते. जाड पाकीट मागील खिशात ठेवून दीर्घकाळ बसल्यास कंबर एका बाजूस कलते आणि पायाकडे जाणाऱ्या सायटिक नसेवर दाब येऊ शकतो.

भेट देण्याची प्रथा

रिकामे पाकीट भेट देऊ नये, असा संकेत भारतात व इतर काही देशांतही पाळला जातो. त्यानुसार पाकिटात शकुन म्हणून एक रुपयाचे नाणे किंवा नोट ठेवतात.

भेट स्वीकारणाऱ्याच्या श्रद्धा व सवयी यांचाही विचार केला जातो. जैन धर्मीय व संपूर्ण शाकाहाराचा पुरस्कार करणाऱ्या अनेक व्यक्ती चामडे वापरत नाहीत. अनेक हिंदू गाईचे चामडे टाळतात, तर मुस्लिम धर्मीयांत डुकराचे चामडे सामान्यतः वर्ज्य मानले जाते. पाकिटाचे अस्तर काही वेळा वेगळ्या जनावराच्या कातड्याचे असल्याने केवळ बाहेरील चामड्याची चौकशी पुरेशी ठरत नाही. पाकिटावर आद्याक्षरे उमटवून घेण्याची पद्धत आहे, परंतु अशी वस्तू सहसा बदलून मिळत नाही.

महाराष्ट्रातील चर्मोद्योग

मुंबईतील धारावी हे पाकिटे, पट्टे व पिशव्या यांच्या निर्मितीचे प्रसिद्ध केंद्र आहे. तमिळनाडूतून आलेल्या मुस्लिम व्यावसायिकांचा येथील कातडी कमावण्याच्या धंद्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. प्रदूषणाच्या प्रश्नामुळे ते कारखाने पुढे तेथून हलले. शिवणकाम करणाऱ्या लहान कार्यशाळा व दुकाने मात्र राहिली. या कार्यशाळांतील माल अनेकदा दुसऱ्याच्या नाममुद्रेखाली विकला जातो, त्यामुळे तो घडवणारा कारागीर ग्राहकाला अज्ञात राहतो.

परंपरेने कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि चामड्याच्या वस्तू घडवण्याचे काम चर्मकार समाजाकडे होते. ज्या वस्तू सर्व समाज वापरत असे, त्या घडवणाऱ्यांना मात्र अस्पृश्यता सोसावी लागली. महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्ध्याजवळील नालवाडी येथे चालवल्या गेलेल्या चर्मालयात नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर प्रक्रिया केली जाई. या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून देणे हाही त्यामागील हेतू होता. कारागिरांच्या साहाय्यासाठी राज्य शासनाचे संत रोहिदास यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ कार्यरत आहे. गाईंच्या कत्तलीवर राज्यात पूर्वीपासून असलेली बंदी २०१५ मध्ये बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हशीच्या कत्तलीस ती लागू नाही.

निगा

पावसाळ्यातील दमट हवेत चामड्यावर बुरशी येते. ती कोरड्या मऊ कापडाने पुसून पाकीट सावलीत, वारा लागेल असे ठेवतात. भिजलेले पाकीट उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवल्यास चामडे कडक होऊन तडकते. खोबरेल तेलासारखी तेले लावल्यास ते काळवंडते; त्याऐवजी चामड्यासाठीचे मेण अल्प प्रमाणात वापरतात. एका कार्डाच्या कप्प्यात दोन कार्डे ठेवल्यास चामडे ताणून सैल होते आणि नंतर एकच कार्ड ठेवल्यास ते निसटते. शिवण उसवल्यास चर्मकाराकडून ती पुन्हा घालून घेता येते, मात्र लेपाचे पापुद्रे सुटलेले कृत्रिम पाकीट सहसा दुरुस्त होत नाही.