दवाखान्याच्या पायरीवरचे भय

पशुवैद्याच्या दवाखान्याची पायरी दिसताच घरचा इमानी कुत्रा चारी पाय रोवून उभा राहतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आपण त्याला भित्रा म्हणतो, साखळी ओढतो आणि आत गेल्यावर दोघांनी मिळून त्याला टेबलावर दाबून धरतो. परंतु या भयाची उकल कशी झाली याचा एक इतिहास आहे, आणि तो समजून घेतला म्हणजे हातातली साखळी सैल झाल्यावाचून राहत नाही.

१७६१ साली फ्रान्समधील लिआँ येथे क्लोद बूर्जला यांनी पशुवैद्यक विद्यालय स्थापन केले. आपल्या मुंबईत असे महाविद्यालय १८८६ साली निघाले. या विद्येपुढे प्रथम होते ते मुख्यतः घोडे आणि गुरे. एवढे थोरले जनावर आवरावयाचे म्हणजे दोर आणि खोडा आलाच. आवळून धरण्याची हीच रीत पुढे कुत्र्यांच्याही वाट्याला आली.

भयाचे मूळ उलगडले ते रशियात. अन्नापूर्वी ठराविक आवाज वारंवार ऐकविला, तर नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे पावलॉव्ह यांनी दाखविले. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला आणि त्यांच्या कुत्र्यांना पाण्यातून पोहवीत बाहेर काढावे लागले. पूर ओसरला, पण काही कुत्री शिकलेले सारे विसरून गेली. पुढे दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडताच तेच भय पुन्हा उसळले. दवाखान्यातील औषधांचा वास ही आपल्या कुत्र्यासाठी तशीच पाण्याची धार होय. सुई क्षणभर टोचते. वास मात्र स्मरणात राहतो.

मग शिकलेले भय विसरविता येईल काय? त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी याचे उत्तर दिले. सशाला भिणारे एक लहान मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा दुरून हळूहळू जवळ आणला गेला. अखेर मूल त्याला कुरवाळू लागले. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात या पायरीपायरीच्या उपचाराला शास्त्रीय बैठक दिली. हेच तत्त्व घेऊन सोफिया यिन यांनी २००९ साली कुत्र्यामांजरांना कमी ताण देऊन हाताळण्यावर ग्रंथ लिहिला.

त्यातून घेण्याजोगा आचार साधा आहे. एखाद्या दिवशी सुईचे काम नसतानाही कुत्र्याला दवाखान्यात न्यावे, खाऊ द्यावा आणि परत आणावे. टेबलावर पाय घसरू नयेत म्हणून जाजम अंथरावे. जमल्यास जमिनीवरच तपासणी व्हावी. तोंडाला बांधावयाची जाळी घरीच, खाऊच्या संगतीने, सवयीची करावी. एरवी झडप घालणारा कुत्रा खाऊला तोंड लावीत नसेल, तर तो फार भ्याला आहे असे समजून थांबावे. फारच भित्र्या प्राण्याला आधी औषध देता येते. ते मात्र वैद्याच्या सल्ल्यानेच.

पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांनी या ज्ञानाची किंमत देहाने मोजली; कित्येकांवर त्यासाठी शस्त्रक्रिया झाल्या. १९३५ साली लेनिनग्राडच्या त्या संस्थेत कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. परंतु हे ऋण दगडाने फिटणारे नव्हे. पायरीवर अडलेल्या आपल्या कुत्र्यासाठी आपण साखळी न ओढता पाच मिनिटे थांबलो, तर त्या ऋणाचा लहानसा हप्ता आपण फेडला असे होईल.