निकालामागचं कारण

गाण्याला गुण देणाऱ्या माणसाचा इतिहास नाशिकमध्ये सांगायचा तर सुरुवात पंचवटीपासून करावी लागते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या अखेरच्या पर्वात इथे आले, त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे पुढे गाजलेले डी. व्ही. पलुस्कर, २८ मे १९२१ रोजी नाशिकलाच जन्मले. त्याच्या वीस वर्षं आधी, ५ मे १९०१ रोजी, पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं होतं. गाणं ठरलेल्या अभ्यासक्रमाने, वर्गात बसवून, कोणाच्याही मुलाला शिकवता येतं हे त्यांनी दाखवून दिलं. अभ्यासक्रम आला तशी परीक्षा आली, आणि परीक्षेबरोबर परीक्षक आला. ऑगस्ट १९३१ मध्ये पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या आज महाराष्ट्रातल्या गाणं शिकणाऱ्या प्रत्येक घराला पाठ आहेत.

मी त्याच पायऱ्या चढले. लग्न होऊन इंदिरानगरात आले तेव्हा गावातली माणसं या भागाला ‘हायवेच्या पलीकडे’ म्हणत. मोकळे प्लॉट, नवी रो-हाउस, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी करणारी कुटुंबं. रविवार कारंजा किंवा पंचवटीत होते तसे गाण्याचे जुने क्लास इकडे नव्हते. पुढच्या खोलीत सतरंजी टाकून, पेटी घेऊन मी शिकवायला बसले. मुलं परीक्षेला बसवली आणि परीक्षक ही व्यक्ती दाराबाहेर उभी राहून पाहायला शिकले.

ती परीक्षा बंद दाराआड होई. परीक्षक परगावचे असत. विद्यार्थ्याला नंबराने हाक मारत. तो आत जाई, नमस्कार करून बसे, एखाद्या रागाचा छोटा ख्याल गाई, हातावर ताल धरून एकताल, झपताल म्हणून दाखवी, आरोह-अवरोह सांगे. परीक्षक ऐकत, कागदावर काहीतरी लिहीत आणि पुढच्या नंबराला बोलवत. दोन-तीन महिन्यांनी निकाल लागे. शंभरातले बासष्ट. हे बासष्ट का आणि अडतीस कुठे गेले, हे मुलाला कळत नसे, आईबापांना कळत नसे आणि पुष्कळदा मलाही कळत नसे. निषाद उतरला होता की लय ढळली, की फक्त घाबरून आवाज कापला? मुलगा पुढच्या पायरीसाठी परत तयारीला लागे, पण नेमकं काय सुधारायचं याचा अंदाजच बांधावा लागे.

आकाशवाणीनेही हाच बंद दरवाजा आणखी पक्का केला. १९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि कलावंतांना श्रेणी देण्यासाठी ध्वनिचाचणी सक्तीची झाली. पं. श्री. ना. रातंजनकर यांच्यासारखे विद्वान ही चाचणी घेणाऱ्या मंडळावर होते. नामवंत गवयांना पुन्हा परीक्षेला बसायला लावल्याबद्दल मुंबईत कलाकारांनी निषेधही केला. परीक्षकांपुढे नाव, घराणं, ओळख काही न येता केवळ आवाज यावा, ही त्या पद्धतीमागची भावना मला आजही आदराची वाटते. वशिल्याला ती आडवी येत होती. पण निकाल घेऊन येणारं पत्र एकाच ओळीचं असे: ‘बी’, ‘बी हाय’ किंवा नापसंत. आयुष्यभर रियाझ केलेल्या माणसाला त्याच्या गाण्याबद्दल मिळालेला अभिप्राय तेवढाच.

उघड्या मंचावरच्या स्पर्धाही होत्याच. पन्नाशीच्या दशकात मेट्रो-मर्फी स्पर्धेत नौशाद, सी. रामचंद्र, अनिल विश्वास, वसंत देसाई, मदन मोहन असे संगीतकार परीक्षक होते आणि तिथे महेंद्र कपूर पुढे आले. १९७६ साली सूरसिंगारची स्पर्धा सुरेश वाडकरांनी जिंकली. जयदेव आणि रवींद्र जैन यांनी त्यांना तिथे हेरलं. या स्पर्धांनी गायक दिले, पण त्या मोठ्या कानांना काय ऐकू आलं, कोणत्या जागेवर त्यांनी मान डोलावली, हे सभागृहाबाहेर कोणालाच समजलं नाही.

१ मे १९९५ रोजी झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं, तेव्हा दार पहिल्यांदा उघडलं असं मी मानते. गजेंद्र सिंह दिग्दर्शक, तरुण सोनू निगम निवेदक. निवेदक स्वतः गाणारा असला की काय फरक पडतो ते तेव्हा दिसलं. स्पर्धक कुठे अडखळला हे त्याला समजत होतं आणि दोन गाण्यांच्या मध्ये तो स्वतः दोन ओळी गाऊन वातावरण सैल करत होता. परीक्षकांच्या खुर्चीवर आलटूनपालटून संगीतकार, गायक, शास्त्रीय संगीतातले पंडित बसत. लहान मुलांच्या विशेष भागात श्रेया घोषाल जिंकली, तेव्हा परीक्षक कल्याणजी होते, आणि त्यांनी तिच्या वडिलांना मुंबईला यायचा आग्रह केला. गुण देऊन परीक्षकाचं काम संपलं नाही. मुलीच्या पुढच्या शिक्षणाची काळजी त्याने वाहिली. माझ्या मते परीक्षकपदाचा तो सर्वांत मोठा अर्थ आहे.

नंतर ‘इंडियन आयडॉल’ आलं. मूळ विलायती साचा, आणि त्या साच्यात परीक्षकाने कडवट बोलणं हा करमणुकीचा भाग होता. अनु मलिक, सोनू निगम, फराह खान यांच्यासमोर मुंबईचा अभिजीत सावंत ५ मार्च २००५ रोजी विजेता ठरला. मराठी मुलगा म्हणून इकडेही आनंद झालाच. पण त्या कार्यक्रमाने दोन गोष्टी कायमच्या रुजवल्या. एक, चाचणीतच बेसूर गाणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर हसणं. दुसरी, एसएमएसचं मत. परीक्षकाचा कान आणि लोकांचा मोबाइल अशी निकालाची दोन घरं झाली आणि दोन्हींत एकमत होईलच याची खात्री उरली नाही.

या सगळ्या वाटचालीत मराठी ‘सारेगमप’चं स्थान मला वेगळं वाटतं. झी मराठीवर देवकी पंडित आणि अवधूत गुप्ते परीक्षक म्हणून शेजारी बसले ही साधी निवड नव्हती. देवकीताई पं. वसंतराव कुलकर्णी, पं. जितेंद्र अभिषेकी, किशोरीताई आमोणकर यांच्याकडे शिकलेल्या. अवधूत गुप्ते नव्या मराठी पॉप गाण्यातून आलेले. एकीला सूर-श्रुती दिसायची, दुसऱ्याला गाण्याचा आविर्भाव, शब्दफेक, ठेका. एकाच गाण्यावर दोघांचे अभिप्राय वेगळे पडले की घरात चर्चा होई, आणि त्या चर्चेतून गाणं दोन बाजूंनी ऐकायची सवय लागे. विदर्भातून आलेली वैशाली म्हाडे इथे जिंकली आणि मग हिंदीतलं ‘सारेगमप चॅलेंज २००९’ही जिंकली.

२००८ साली ‘लिटिल चॅम्प्स’ आलं. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, म्हणजे २००२ साली ‘ऐका दाजीबा’ने महाराष्ट्र नाचवणारी जोडी. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत. गुण स्वरांत मिळत: ‘ध’, ‘नी’ आणि सगळ्यांच्या वर ‘वरचा सा’. ज्या घरात कोणी कधी पेटीला हात लावला नव्हता त्या घरातही ‘आज नी मिळायला हवा होता’ असं बोललं जाऊ लागलं. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरायला येणाऱ्या बायका आदल्या रात्रीच्या गाण्यातली हरकत आणि मुरकी यांतला फरक मला विचारत. सम कुठे चुकली हे त्यांनी स्वतः ओळखलेलं असे. पलुस्करांना जे अभिप्रेत होतं, ऐकणारा तयार करणं, ते काम या परीक्षकांनी काही अंशी केलं असं मी मनापासून म्हणते. निकालामागचं कारण त्यांनी मोठ्याने, गाणाऱ्याच्या तोंडावर आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं. शंभरातले अडतीस कुठे गेले ते पहिल्यांदा कळलं.

कमलेश भडकमकरांच्या वादकवृंदाचाही यात वाटा आहे. अमर ओकांची बासरी, नीलेश परबांची ढोलकी आणि बाकीच्या साथीदारांची नावं लोकांना पाठ झाली. साथीदार हा गाण्याचा अर्धा भार उचलतो, ही जाणीव घराघरांत पोहोचली.

निवेदिका होत्या पल्लवी जोशी. त्या स्वतः बालकलाकार होत्या, त्यांचे बंधू अलंकारही. लहान वयात दिव्यांसमोर उभं राहणं म्हणजे काय, हे त्या जाणत होत्या. स्पर्धेतल्या निवेदकाचं खरं काम मी त्यांच्याकडे पाहून समजले. परीक्षक बोलून झाले आणि मूल अजून मंचावर उभं आहे, ते अर्धं मिनिट फार अवघड असतं. त्या वेळी मुलाच्या बाजूला कोण उभं आहे यावर पुढचं सगळं ठरतं. मराठी नाटकातला सूत्रधार प्रेक्षकांना कथेत नेतो. इथली निवेदिका मुलाला निकालातून सुखरूप बाहेर आणत होती. त्या मुलांची ‘पल्लवीताई’ होती, म्हणून मुग्धा ‘मॉनिटर’ आणि प्रथमेश ‘मोदक’ म्हणून महाराष्ट्राला घरच्यासारखे झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये महाअंतिम फेरी होऊन कार्तिकी विजेती ठरली, पण पाचही जणांना लोकांनी ‘पंचरत्न’ म्हणून सारखंच जपलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या क्लासची दारघंटा सारखी वाजत होती. रथचक्र चौकापासून राजीवनगरपर्यंतची मुलं येऊ लागली. आनंद होताच. पण आईवडिलांचा प्रश्न बदलला होता. आधी ते विचारत, ‘हिला गाणं येईल का?’ आता विचारू लागले, ‘ऑडिशनपर्यंत दोन गाणी बसतील ना?’ सहा वर्षांच्या मुलीचा ‘सा’ अजून स्थिर नाही आणि तिला नाट्यपदाच्या ताना हव्यात. काळी चारची पट्टी तिला झेपत नाही, पण टीव्हीवरच्या मुलीची तीच पट्टी आहे. घशावर ताण देऊन गायलेलं गाणं टाळ्या मिळवतं आणि वर्षभराने आवाज बसतो. मी नाही म्हणत गेले, काही मुलं सोडून गेली. त्याचं मला वाईट वाटतं, पण पश्चात्ताप नाही.

चाचणीला गेलेली मुलं परत येत. दुसऱ्या शहरात पहाटेपासून रांगेत उभं राहायचं, छातीवर नंबर, आत एक कडवंही पूर्ण होत नाही आणि बाहेर. ही मुलं पडद्यावर येतच नाहीत. त्यांना सांगितलेलं कारण एकच: ‘पुढच्या वेळी या.’ म्हणजे ज्या कार्यक्रमाने निकालाचं कारण उघड केलं, त्याच्याच दारात बहुसंख्य मुलांसाठी जुना बंद दरवाजा तसाच होता. पडद्यावर जी पोहोचली त्यांचं अपयशही घरोघरी पोहोचलं. लहान मुलांच्या कार्यक्रमांतल्या सहभागाबद्दल राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, आणि जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने नृत्याच्या रिॲलिटी शोंतल्या मुलांच्या सादरीकरणाबद्दल वाहिन्यांना समज दिली. असं सांगण्याची वेळ यावी हेच क्लेशकारक आहे.

२०१७ साली कलर्स मराठीवर ‘सूर नवा ध्यास नवा’ सुरू झालं, महेश काळे, अवधूत गुप्ते, शाल्मली खोलगडे परीक्षक. आणि २०२१ साली ‘लिटिल चॅम्प्स’ परत आलं तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्यांवर तीच पाच मुलं मोठी होऊन बसली. निवेदिका मृण्मयी देशपांडे. बारा-तेरा वर्षांपूर्वी ज्यांना गुण मिळत होते ते आता गुण देत होते. त्यांच्या बोलण्यात मला एक गोष्ट सतत जाणवली: चूक सांगण्याआधी ते मुलाच्या जागी स्वतःला उभं करत. गांधर्वच्या बंद खोलीतल्या परीक्षकाला हे करता आलं नसतं असं नाही. त्याला ते करण्याची सोय नव्हती.

इंदिरानगरात आता प्रत्येक मोठ्या सोसायटीच्या गणपतीत गायन स्पर्धा होते. कराओके ट्रॅक, माइक, मागे फ्लेक्स, आणि परीक्षक म्हणून आम्ही जवळपासचे क्लासवाले. टीव्हीचा सगळा थाट तिथे उतरला आहे. निवेदन करणारी कॉलेजातली मुलं चुरचुरीत बोलतात, कधीकधी स्पर्धक मुलाला मंचावर थांबवून ‘कसं वाटतंय, कोण जिंकेल?’ असं विचारतात. मी संयोजकांना तीन गोष्टी सांगते, आणि त्या मान्य असल्या तरच खुर्चीवर बसते. पहिली, परीक्षकांच्या कागदावर नाव, बिल्डिंग, आईवडिलांची ओळख काही नको, फक्त क्रमांक. आकाशवाणीकडून घेण्यासारखं एवढं आहे. दुसरी, बक्षीस न मिळालेल्या प्रत्येक मुलाला दोन ओळींचा लेखी अभिप्राय मिळाला पाहिजे: काय चांगलं झालं आणि उद्यापासून कशाचा रियाझ करायचा. ते लिहायला वेळ लागतो, रात्रीचे अकरा वाजतात, तरी लिहायचंच. तिसरी, निकाल वाचणाऱ्याने मुलाला मंचावर एकटं सोडायचं नाही.

पलुस्करांनी गाणं राजदरबारातून वर्गात आणलं आणि परीक्षेने त्याला शिस्त दिली. दूरचित्रवाणीने परीक्षकाला बोलतं केलं आणि निवेदकाला मुलाच्या शेजारी उभं केलं. यातलं काही सोडून द्यावं असं मला वाटत नाही. क्रमांकाची निष्पक्षता, कारण सांगण्याची बांधिलकी आणि शेजारी उभं राहणारं माणूस या तिन्ही गोष्टी एका मंचावर आल्या, तर स्पर्धेत हरलेलं मूलही दुसऱ्या दिवशी क्लासला येतं. गेली काही वर्षं आमच्या भागात ते येत आहे, आणि म्हणून ही खुर्ची मी जबाबदारीची मानते.