पेठेला सगळं ठाऊक असतं

सदाशिव पेठेत गुप्तहेराचं पोट भरणार नाही, असं आमचे काका म्हणायचे. काका बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा काकांनी वाचनालयातून आणून, जेवताना तांब्याला टेकवून वाचल्या होत्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही मंडळी आमच्या घरात पाहुण्यांसारखी येऊन-जाऊन असत. पण पेठेत येऊन हा धनंजय करणार काय? इथे कोण कुणाकडे आलं, किती वेळ बसलं, चहा मिळाला की नुसतं पाण्यावर भागलं, हे वाड्याला आधीच माहीत.

आजीचं म्हणणं याच्याही पुढचं होतं. "शोधून काढायला फार अक्कल लागत नाही रे. शोधल्यावर काय करायचं, त्याला लागते."

हे ती अधिकारानं बोलायची. आमच्या वाड्यातल्या सामाईक गणपतीपुढची पितळी समई एकदा श्रावणात नाहीशी झाली. चांगली जडशीळ, कंबरेइतकी उंच समई. मालक फरासखान्यावर वर्दी द्यायला निघाले. आजी म्हणाली, "एक दिवस थांबा." मग सूप घेऊन तांदूळ निवडायच्या निमित्तानं ती जिन्यात बसली. जिना लाकडी, अंधारा, वर्षानुवर्षांच्या धुळीनं काळा पडलेला. त्या दिवशी मात्र त्याच्या खालच्या काही पायऱ्या स्वच्छ होत्या. राखेनं घासल्यासारख्या. समईतलं तेल सांडलं असणार, आणि ज्यानं सांडलं त्यानंच ते रातोरात पुसलं असणार. नाहीतर ऐन श्रावणात बिऱ्हाडाबिऱ्हाडांत सणवार चाललेले असताना सामाईक जिना कोण पुसतं? पुसलेल्या पायऱ्या पहिल्या मजल्यावर एका दारापाशी संपत होत्या. आजीनं त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथेच बसल्या बसल्या, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात ती म्हणाली, "उद्या शुक्रवार. समईशिवाय आरती करायची म्हणजे कसंसंच वाटतं बाई."

शुक्रवारी पहाटे समई जागेवर होती. चिंचेनं घासून लखलखीत केलेली.

ते दार कुणाचं, हे आजीनं कधीही सांगितलं नाही. काकांनी खूप खोदून विचारलं. धनंजय शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत गोळा करतो आणि गुन्हेगाराकडे बोट दाखवतो, तशी सवय काकांना लागली होती. आजी म्हणाली, "बोट दाखवलं असतं तर ते बिऱ्हाड उद्या कुठे गेलं असतं?"

बोट दाखवण्याविषयीची तिची ही धास्ती तिच्या सासूबाईंकडून आलेली होती, आणि सासूबाईंकडे ती आली होती 1897 ते 1899 या दोन वर्षांतून. आजी सांगायची ती गोष्ट मुळात त्यांची.

मार्च 1897 मध्ये पुण्यात प्लेगसाठी गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. सोजीर बुटांसकट माजघरात, देवघरात येत. रोगी सापडला की तो इस्पितळात, घरची माणसं छावणीत आणि अंथरूण-पांघरूण रस्त्यावर आगीत. सासूबाईंची लग्नातली पैठणी अशीच गेली. घरात रोगी कुणी नव्हतं. फक्त पेटी कोपऱ्यात होती आणि सोजिराला ती कळकट वाटली. गोष्टीत रँडचं नाव येण्याआधी ही पैठणी यायची, दर वेळी, काठाच्या रंगासकट.

22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला 60 वर्षं झाल्याचा समारंभ होता. तिथून परतणाऱ्या रँडच्या घोडागाडीवर दामोदर हरी चापेकर मागून चढला आणि त्यानं गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टला बाळकृष्ण चापेकरानं मारलं. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला.

मग सरकारनं 20,000 रुपयांचं इनाम लावलं. त्या काळातले वीस हजार! पुणेकरांच्या खर्चानं जादा पोलीस शहरात बसवले. सरदार नातू बंधूंना चौकशीशिवाय स्थानबद्ध केलं, आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तपासाला ब्रुइन नावाचा अधिकारी होता. पेठेत कुणाला काही माहीत नव्हतं. निदान ब्रुइनला तरी तसंच सांगितलं जात होतं.

सासूबाई म्हणत, सगळ्यांना ठाऊक होतं. हे मला पुरतं पटत नाही. निकाल लागल्यावर सगळेच हुशार होतात, आणि पुण्यात तर जरा जास्तच. पण काहींना तरी अंदाज असणारच. चापेकर बंधू काही लपून राहणारी मुलं नव्हती. वडील हरिभाऊ चिंचवडचे कीर्तनकार, मुलं त्यांच्यामागे साथीला उभी राहणारी. व्यायामाचा आणि शस्त्रांचा नाद, पोरं जमवून कवायत करायची हौस, आणि मनातलं बोलून दाखवायची सवय. रँडच्या आधी मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासणारा दामोदरच होता. अशा माणसाला ओळखणारे पेठेत दहा घरं सोडून अकराव्या घरी निघाले असते.

ज्यांनी तोंड उघडलं ते गणेश शंकर द्रविड आणि त्यांचा भाऊ रामचंद्र. पोलिसांच्या दृष्टीनं पाहिलं तर अर्नाळकरांच्या कथेत शोभावी अशी ही कामगिरी. सरकारी यंत्रणा हात चोळत बसलेली, आणि वस्तीतल्याच दोन माणसांनी खुन्यापर्यंतचा धागा हाती दिला. दामोदर मुंबईत पकडला गेला. 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात लपला होता, तोही पुढे सापडला.

पेठेनं या कामगिरीकडे कसं पाहिलं ते 8 फेब्रुवारी 1899 च्या रात्री कळलं. धाकटा चापेकर वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव रानडे वेष पालटून द्रविडांच्या दाराशी गेले. ब्रुइनसाहेबांनी बोलावलंय, असा निरोप. द्रविड बंधू पत्ते खेळत बसले होते, असं सांगतात. उठून बाहेर पडले आणि थोडं चालले असतील नसतील तोच गोळ्या घातल्या गेल्या. ही जागा लोक खुन्या मुरलीधराच्या जवळची दाखवतात. पेठेतली पोरं त्या देवाच्या नावाचा संबंधही द्रविडांशीच लावतात, पण नाव त्या खुनांहून शंभर वर्षं जुनं आहे. मूर्तीवरून गद्रे सावकारांच्या पदरचे अरब आणि पेशव्यांच्या पदरच्या गोऱ्या अंमलदाराची पलटण यांच्यात दुसऱ्या बाजीरावाच्या काळात रक्तपात झाला, तेव्हाचं ते.

त्या रात्रीबद्दल सासूबाई फार सांगत नसत. दाराला अडसर होता आणि सासऱ्यांनी दिवा मालवला, एवढंच. त्या सांगत ते दुसऱ्या दिवशीचं. सकाळी हौदावर बायका पाणी भरायला नेहमीसारख्या जमल्या, आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होत्या. तुरीच्या डाळीचा भाव, कुणाची सून बाळंतपणाला गेलेली, कुणाचं लोणचं नासलेलं. एकही बाई गप्प बसायला तयार नव्हती, कारण जी गप्प बसेल तिला काहीतरी माहीत आहे असं झालं असतं.

रामा पांडू नावाच्या पोलिसावरही वासुदेव-रानडे या पोरांनी गोळी चालवायचा प्रयत्न केला आणि ती पकडली गेली. मे महिन्यात 8 तारखेला वासुदेव, 10 ला रानडे, 12 ला बाळकृष्ण असे एका आठवड्यात तिघं फासावर गेले. हरिभाऊंच्या घरातले तिन्ही मुलगे संपले.

चापेकरांचं नाव घेताना आजी हात जोडायची. द्रविडांचं नाव ती घेत नसे. "ते दोघे" म्हणायची. मी शाळेत इतिहासाच्या तासाला ऐकून आलो होतो आणि घरी येऊन तावातावानं त्यांना फितूर वगैरे म्हणालो, तेव्हा ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यांच्याही घरात कुणी बाई असेलच की. ती दुसऱ्या दिवशी कुठल्या हौदावर गेली असेल?" यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचत नाही. फितुरी म्हणायला मी कचरत नाही, इनाम घेऊन शेजाऱ्याला फासावर द्यायचं याला दुसरा शब्दही नाही. पण त्याच पोरांनी एखाद्या सावकाराला लुटून मारलं असतं, तर पेठ कुणाच्या बाजूनं उभी राहिली असती?

त्याचंही उत्तर पेठेला एकदा द्यावं लागलं. 1976 च्या ऑक्टोबरअखेर विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघं मारले गेले आणि 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण. आणीबाणीचे दिवस. संध्याकाळी सातनंतर पुणं सामसूम होत असे. दूधवाल्यालासुद्धा आतून नाव विचारून दार उघडायचे. पेठेतला प्रत्येक माणूस त्या हिवाळ्यात धनंजय झाला होता. कुणी म्हणे बाहेरची टोळी, कुणी म्हणे वेडा, रामन राघवसारखा. काकांनी तर वहीत नकाशा काढला होता.

आजीला दिसायचं कमी झालं होतं, पेपर मी वाचून दाखवायचो. सगळं ऐकून तिनं विचारलं, "कडी तोडली होती का?" तसं कुठे छापून आलं नव्हतं. "मग दार घरच्यांनीच उघडलं. टोळीला कोण दार उघडतं? चांगल्या कपड्यातलं, नीट बोलणारं कुणीतरी असणार. आपल्यातलं." काकांना हे आवडलं नाही. पेठेत कुणालाच आवडलं नसतं.

24 मार्च 1977 ला बंडगार्डनजवळ नदीत एका तरुणाचं प्रेत लोखंडी शिडीला नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं सापडलं. दोरीवरून आधीच्या खुनांशी धागा जुळत गेला. महिना संपायच्या आत पोलिसांनी मुलं धरली. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टपरीवर चहा पिणारे. त्यांचा पहिला बळी त्यांच्याच ओळखीचा, एका हॉटेलमालकाचा मुलगा होता, जानेवारी 1976 मधला. एकूण दहा खून. त्यांच्या वर्तुळातल्या ज्या पोरांना आधीपासून काही ठाऊक होतं, ती चौकशीत बोलू लागली, आणि त्यांच्यातलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला. त्याच नावाचा सिनेमा पुढे आला, नाना पाटेकरांचा. टोळीचा म्होरक्या जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यातच फाशी झाली.

हौदाचे दिवस संपले होते, पण वाड्यात त्या दिवसांत मोठ्या आवाजातलं बोलणं चालूच होतं. ही पोरं आपल्या ओट्यावर कधी बसली होती का, याचा प्रत्येक जण हिशेब करत होता, आणि प्रत्येकाच्या ओट्यावर ती कधीच बसली नव्हती.

साक्षीदाराची बातमी मी आजीला वाचून दाखवली तेव्हा काका म्हणाले, बरं झालं, एकाला तरी बुद्धी सुचली. आजीनं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "त्याला ठेवलंय कुठे?"

"पोलिसांच्या ताब्यात असेल," मी म्हटलं.

"नंतर सुटेल तेव्हा रे. पेठेत नको म्हणावं. लांब कुठेतरी खोली बघून द्या म्हणावं त्याला."