शाळेत मातीकाम शिकवायचं तर : माती, वाळवण, भट्टी आणि खर्चाचा हिशेब

आपल्या भागातल्या बऱ्याच शाळांत आता एक कार्यक्रम ठरलेला झाला आहे. कुंभाराला चाकासकट बोलवायचं, मैदानात मुलांना गोल बसवायचं, कुंभार दोन मडकी काढून दाखवतो, चार मुलं चाकाला हात लावतात, फोटो निघतात, शाल-श्रीफळ होतं आणि तास संपतो. मुलांना मजा येते, त्यात वाद नाही. पण याला मातीकाम शिकवणं म्हणता येत नाही. मुलाने केलेली वस्तू वाळून, भाजून पुन्हा त्याच्या हातात पडली, तरच ते शिकवणं. त्यासाठी एक दिवस पुरत नाही, चार आठवडे लागतात. आणि ते जमण्यासारखं आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवण्याची तरतूद आहे. कर्नाटकाने स्वतःचं वेगळं राज्य धोरण करायचं ठरवलं, त्यामुळे बेळगाव-खानापूरच्या शाळा आणि चंदगड-गडहिंग्लजच्या शाळा यांची परिपत्रकं वेगळी. मातीला मात्र परिपत्रक लागत नाही. चित्रकला किंवा कार्यानुभवाचे तास सगळीकडेच असतात.

खानापूरची माती कौलं, विटा आणि मडक्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेली. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय ग्राम कुंभारकाम संस्थाही खानापुरातच आहे. एवढं दाराशी असताना आपली मुलं प्लॅस्टिकच्या पुड्यातली रंगीत माती दुकानातून आणतात, हे मला पटत नाही.

आधी हात, चाक नंतर

साधा हिशेब करा. तास ४० मिनिटांचा. माती वाटण्यात ५ मिनिटं, हात-बाकं धुण्यात १० मिनिटं. उरली २५. वर्गात ४० मुलं आणि चाक एक. एका मुलाच्या वाट्याला ४० सेकंदही येत नाहीत. त्यात चाकावर माती मध्यावर आणणं हीच मोठी विद्या आहे, ती जमायला मोठ्या माणसालाही कित्येक दिवस जातात. म्हणून सुरुवात हातकामाने करावी आणि दोन तास जोडून घ्यावेत. ८० मिनिटांत खरं काम तासाभराहून जास्त होतं.

हातकामाच्या तीन रीती आहेत आणि तिन्ही आपल्या स्वयंपाकघरात आहेत. पहिली मोदकाच्या पारीची. लिंबाहून थोडा मोठा गोळा घ्यायचा, मध्ये अंगठा घालायचा आणि फिरवत फिरवत कडा चिमटीत पातळ करत न्यायच्या. घरी गणपतीला मोदकाला हात लावलेली मुलं हे पाच मिनिटांत उचलतात. दुसरी रीत वळ्यांची. बोटाएवढ्या जाड वळ्या वळून एकावर एक रचायच्या आणि आतून बोटाने खाली ओढून सांधायच्या. उंच भांडं असंच होतं. तिसरी पोळीची. दोन बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून मध्ये माती लाटायची, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते. मग सुरीने कापून डबी, पाटी, घराच्या भिंती.

सांधा हा मुलांचा कच्चा दुवा. कपाला कान नुसता चिकटवला तर तो वाळताना गळून पडतो. दोन्ही बाजूंना काट्याने आडव्या-उभ्या खाचा पाडायच्या, त्याच मातीचं पिठल्याएवढं दाट कालवण लावायचं आणि दाबून बसवायचं. नुसतं पाणी लावू नये. पाण्याने माती निसरडी होते, सांधा धरत नाही.

पहिल्या दिवशी काय करायला द्यावं, असं शिक्षक विचारतात. आपल्याकडे उत्तर तयार आहे. बेंदराला मातीची बैलजोडी, नागपंचमीला नाग, दिवाळीला पणती आणि किल्ल्यावरचे मावळे. कन्नड घरांतून आलेल्या मुलांकडे ज्येष्ठ अमावस्येची मण्णेत्तिन अमावस्या असते, तीही मातीच्या बैलांचीच. आपलं मडकं ते त्यांचं मडिके, आपला कुंभार तो त्यांचा कुंबार, चाकाला ते तिगरी म्हणतात. दोन भाषांची मुलं एका बाकावर बसली असतील तर या शब्दांची वही करायला लावा. गोव्यात डिचोलीकडच्या कुंभारांचे शब्द आणखी वेगळे मिळतील.

माती पारखणं

शाडू सगळ्यांच्या ओळखीचा, पण तो मूर्ती करून, वाळवून, रंगवण्यासाठी. तो भाजल्यावर टिकेल असं धरून चालू नये. भाजायच्या वस्तूंसाठी कुंभाराकडची मळलेली मातीच घ्यावी. ती त्याने भिजवून, गाळून, गरजेप्रमाणे राख, बारीक वाळू किंवा लीद मिसळून तयार केलेली असते. ४० मुलांना अर्धा अर्धा किलो म्हणजे २० किलो, वर ५ किलो राखीव.

शेतातली माती आणून मुलांकडून तपासून घेणं हा मात्र चांगला धडा आहे. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तुटली, भेगा पडल्या तर माती रेताड. भेग न पडता बसली तर चिकण. फार चिकण मातीही बरी नव्हे, ती वाळताना जास्त आकसते आणि तडकते. तिच्यात बारीक वाळू किंवा भाजलेल्या खापराची पूड घालतात. काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, तेही पाहावे. खड्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसतं. असा खडा भाजला गेला की त्याचा चुना होतो आणि नंतर हवेतली ओल पिऊन फुगतो. आठवड्याभराने भांड्याचा टवका उडतो आणि मुलाला कळत नाही आपलं काय चुकलं.

वाळवण : इथेच सगळं बिघडतं

माझ्या मुलीच्या शाळेतली गोष्ट सांगतो. ती सातवीत असताना वर्गाने बैल केले, ऐन पावसाळ्यात. बैल भरीव, पोट मुठीएवढं. पाचव्या दिवशी ते भट्टीत गेले, कारण पालकसभेला मांडायचे होते. निम्म्याहून जास्त फुटले आणि त्यांच्या तुकड्यांनी शेजारच्या पणत्याही फोडल्या. शाळेने मुलांना सांगितलं, आत हवा राहिली म्हणून फुटले. मुलगी घरी येऊन रडली, तिला वाटलं माती मळताना तिचंच चुकलं.

दोष हवेचा नव्हता, ओलीचा होता. बाहेरून कोरडी दिसणारी जाड वस्तू आत ओली असते. भट्टीत १०० अंशांच्या वर गेलं की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. तेवढ्या वेगाने ती बाहेर पडू शकत नाही, म्हणून वस्तू फुटते. उपाय दोन. वस्तूची भिंत बोटाएवढीच ठेवायची. बैल भरीव केला असेल तर माती चामड्यासारखी घट्ट झाल्यावर, म्हणजे नख दाबलं तर खूण उमटते पण वस्तू वाकत नाही अशा वेळी, तारेने दोन भाग करून आतून कोरायचा आणि पुन्हा सांधायचा. पोटाखाली एक भोक ठेवायचं. दुसरा उपाय म्हणजे थांबणं.

पहिले दोन दिवस वस्तूंवर प्लॅस्टिकचा कागद सैल टाकावा. ऊन दाखवू नये. कान, शिंगं, शेपटी आधी वाळतात, त्यांना ओल्या फडक्याचा तुकडा गुंडाळावा. मग कागद काढून सावलीत, रोज उलटसुलट करत वाळू द्यावं. खानापूरच्या पावसात याला दोन-तीन आठवडेही पुरत नाहीत. दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांत काम होतं. म्हणूनच माझं मत, भाजायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावं. पावसाळ्यातले बैल आणि नाग कच्चेच राहू द्यावेत, नाहीतरी त्यांचं विसर्जन व्हायचं असतं. वस्तू वाळली की नाही हे पाहायला ती गालाला लावतात. गार लागली तर आत अजून ओल आहे.

वाळेपर्यंत काही मोडलं तर नुकसान काहीच नाही. पूर्ण वाळलेले तुकडे बादलीत पाण्यात टाका, रात्रीत विरघळून चिखल होतो. तो फडक्यावर पसरून सुकवला की माती पुन्हा तयार.

भट्टी शाळेत नको

विजेची भट्टी घ्यायचा मोह काही संस्थांना होतो. किंमत, वीजजोडणी, देखभाल आणि वर्षातून दोनदा वापर हे सगळं मांडून बघा, आतबट्ट्याचा व्यवहार आहे. कुंभाराच्या आव्यात जागा विकत घ्यावी, ४० वाट्यांना लागते किती? मुलांना आवा रचताना आणि दुसऱ्या दिवशी उघडताना न्यावं. पेटवण्याचं काम मोठ्यांचं.

आत काय घडतं ते वर्गात सांगावं. सुरुवातीला मंद आच, कित्येक तास, उरलीसुरली ओल जाण्यासाठी. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांतच बांधलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती वस्तू कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. गावठी आव्यात पुढे ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापमान जातं. मातीतल्या लोहामुळे तांबडा रंग येतो, आणि आवा झाकून धूर कोंडला की तीच माती काळी होते. चिनीमातीच्या कपबशांना १२०० अंशांच्या पुढे जावं लागतं, ते या आव्याचं काम नाही.

गणित आणि विज्ञानाचा तास

मी कॉमर्सचा माणूस, मला यातला आकड्यांचा भाग सगळ्यात आवडतो. मातीच्या पट्टीवर ओली असताना १० सेंटिमीटरची रेघ ओढा. समजा वाळल्यावर ती ९.२ भरली आणि भाजल्यावर ९, तर आकस १० टक्के. आता मुलांना विचारा, भाजल्यावर ९ सेंटिमीटर रुंद वाटी हवी तर ओली केवढी करायची? बहुतेक मुलं ९ वर १० टक्के चढवून ९.९ म्हणतील. ती भाजून ८.९१ होईल. बरोबर उत्तर ९ भागिले ०.९, म्हणजे १०. जीएसटीसकट किमतीतून मूळ किंमत काढताना मोठी माणसं हीच चूक करतात.

वजनही तीनदा लिहावं : ओली, वाळलेली, भाजलेली. मग भाजलेली वाटी रात्रभर पाण्यात ठेवून चौथ्यांदा. पाणी किती प्यायली ते कळतं आणि माठ पाणी गार का करतो हेही. भिंतीतून झिरपलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. गुण द्यायचे तर या वहीला द्यावेत, सुबकपणाला नव्हे.

जपायच्या गोष्टी

वाळलेल्या मातीची धूळ छातीला वाईट, तिच्यात सिलिका असते. वर्ग कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा. वाळलेल्या वस्तू पॉलिश कागदाने घासू देऊ नयेत, ओल्या स्पंजाने कडा सारख्या कराव्यात. चकाकी आणणारं झिलईचं काम शाळेत नको, काही झिलयांत शिसं असतं. ऑइलपेंट लावलेल्या वाटीत खाऊ ठेवू नये. मातीचं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर पाइप तुंबतो. बादलीत धुवावं, गाळ बसू द्यावा, वरचं पाणी झाडांना.

पैसे कशावर

माती स्वस्त आहे. खर्च दोनच : कुंभाराचा मेहनताना आणि आव्यातली जागा. पाहुणा म्हणून शाल द्यायची आणि दिवसभराची मजुरी बुडवायची, हे बरं नाही. तो त्या दिवशी शिक्षक असतो. तासाचा दर आधी ठरवावा आणि पावती करून पैसे द्यावेत. बॅनरवर जातात तेवढ्यात एक फेरी निघते. मुलांनी त्याला ‘काका’ म्हणावं, ‘ए कुंभार’ नाही. त्याचा मुलगा त्याच वर्गात असला तर हे जास्तच महत्त्वाचं. आपल्या बापाचं काम वर्गासमोर कसं वागवलं जातं, ते तो बघत असतो.

वस्तू ओली असतानाच बुडावर काडीने नाव कोरायला लावा. पेनाने लिहिलेलं भट्टीत जळून जातं आणि वाटप करताना भांडणं होतात. फुटलेल्या वस्तूंचे तुकडेही ज्याचे त्याला दाखवावेत, फुटण्याची जागा बघून कारण सांगावं. मग ते कुटून त्यांची पूड डब्यात भरून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मातीत मिसळायला ती लागते.