डॉ. कमल रणदिवे : कर्करोग आणि पेशींचे आयुष्य

भारतातील कर्करोगाच्या मूलभूत संशोधनाचा पाया घालणाऱ्यांमध्ये डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरच्या त्या समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केले, ते सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर. तोपर्यंत गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झालेला होता. पतीच्या पाठिंब्यामुळेच हे शिक्षण पुढे गेले.

विवाहानंतर मुंबईत आल्यावर त्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. तेथे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर त्यांचे मार्गदर्शक होते. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यावर त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. येथे थोडे विषयांतर आवश्यक आहे. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी वाढविण्यात आल्या. 'हेला' या नावाने त्या आजही जगभर विभाजित होत आहेत. त्या महिलेची संमती मात्र कोणी घेतली नव्हती. याउलट सामान्य मानवी पेशी सुमारे पन्नास विभाजनांनंतर थकतात, हे लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. गुणसूत्रांची टोके प्रत्येक विभाजनात झिजतात, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. बहुतेक कर्करोगपेशी टेलोमरेज या विकराच्या साह्याने ही झीज भरून काढतात. म्हणजे वार्धक्य आणि कर्करोग हे एकाच पेशीच्या घड्याळाचे दोन बिघाड म्हणता येतील. टेलोमरेजच्या संशोधनाला २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मायदेशी परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची, देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधील स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी अभ्यासला. कर्करोगाचे एकच कारण शोधण्याच्या त्या काळात हा विचार नवा होता. रक्ताचा व अन्ननलिकेचा कर्करोग हेही त्यांचे विषय होते. कुष्ठरोगाच्या जंतूवरील त्यांच्या कामातून पुढे लसीचे संशोधन झाले.

आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल ते मात्र सुपारी आणि तंबाखूवरील काम. हॅमस्टर या प्राण्याच्या गालाच्या पिशवीत सुपारी व तंबाखूचे अर्क लावून त्यांनी व सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू सुकवताना आणि मुरवताना तिच्यातील निकोटिनसारख्या द्रव्यांपासून नायट्रोसामाइने तयार होतात. ती शरीरात गेल्यावर पेशीतील डीएनएला चिकटतात आणि सांकेतिक मजकुरात चुका घडवून आणतात. सुपारी निरुपद्रवी, हा समज मात्र दीर्घकाळ टिकला. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्ककारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद केले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आली. तरी जालन्याच्या बाजारात असो की मुंबईच्या फलाटावर, चुना लावून तंबाखू मळणारे हात दिसतातच.

१९८२ मध्ये रणदिवे यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम हाती घेतले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांसह १९७३ मध्ये त्यांनी स्थापन केलेली भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना वाशी येथे नोकरदार महिलांसाठी वसतिगृह व मुलांसाठी पाळणाघर चालवते. संशोधन करणाऱ्या बाईला घरचे मूल कोणाकडे सोपवायचे, हा प्रश्न तेव्हा कोणत्याही प्रबंधात नव्हता.