सराफ्यातील रात्र

इंदूरच्या राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर सराफा बाजार लागतो. दिवसा येथे सोने कसोटीवर घासले जाते, चांदी तोलली जाते. रात्री पेढ्यांची दारे बंद झाली, की त्यांच्याच ओट्यांवर आणि पुढल्या रस्त्यावर शेगड्या पेटतात, कढया चढतात आणि उशिरापर्यंत खवय्यांची दाटी हटत नाही. रात्रीची वर्दळ राहिली म्हणजे पेढ्यांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच ही प्रथा वाढू दिली, असे इंदुरात सांगितले जाते.

या नगराचे वैभव होळकरांच्या आश्रयाने वाढले. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर येथे होती. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदुरास आली. दरबाराच्या छायेत मराठी घराणी येथे स्थिरावली. मारवाडी, गुजराती आणि माळवी माणसे त्यांचे शेजारी झाली. सराफ्यातील पदार्थांची पंगतही अशीच संमिश्र आहे.

एका कढईत किसलेला मका दुधात आणि मसाल्यात शिजत असतो; हा भुट्टे का कीस. हिवाळ्यात त्याच्या शेजारी गराडू येतो. त्या कंदाचे तुकडे खरपूस तळून, वर जिरावन भुरभुरून आणि लिंबू पिळून देतात. पुढे पाकात न्हालेला थोरला जलेबा. मका माळव्याच्या मातीत इतका रुजला आहे की तो परका वाटत नाही. परंतु त्याचे मूळ अमेरिका खंडात आहे. जिलबीचे नावही अरबी-फारसी मुलखातून आपल्याकडे आले.

सर्वांत नवल साबुदाण्याच्या खिचडीचे. एकादशीचा, शिवरात्रीचा हा फराळ सराफ्यात रोजच मिळतो. त्यातील जिन्नस क्षणभर वेगळे करून पाहावेत. मिरची, शेंगदाणा आणि बटाटा हे तिन्ही अमेरिकेतून आलेले. ‘साबू’ हे नाव मलायाकडील एका ताडाचे. परंतु आज आपण खातो तो साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि तो कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल येईनासा झाला, तेव्हा तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात त्याचा धंदा वाढीस लागला. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या बेटांवर उतरला, त्या वर्षीच्या मराठी गृहिणीपुढे हे चार जिन्नस मांडले असते, तर तिला त्यांपैकी एकही ओळखता आला नसता. उपवासाला धान्य वर्ज्य आणि कंद ग्राह्य, ही जुनी चाल. नवे कंद तिच्यात सहज सामावले आणि दोन-चार पिढ्यांत सोवळ्यात जाऊन बसले.

बटाट्याच्या नावातही हीच कथा आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले. पुढे त्यांच्या गलबतांतून अनेक नवी पिके या किनाऱ्यावर उतरली. मराठीने त्यांचा ‘बटाटा’ हा शब्द तसाच उचलला. हिंदीने मात्र आपल्याकडील कंदांचे जुने नाव ‘आलू’ या पाहुण्याला दिले. सराफ्यात मराठी गिऱ्हाईक बटाटा म्हणते, विक्रेता आलू म्हणतो, आणि व्यवहार कोठे अडत नाही. एका भाषेने पाहुण्याचे नाव ठेवून घेतले, दुसरीने त्याला घरचे नाव दिले. दोघींनीही त्याला परत पाठविले नाही.

मूळचे कोण आणि उपरे कोण, हा वाद आपल्या देशात वारंवार उठतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना तो दोन्हीकडून ऐकावा लागतो: राहत्या गावी ते दक्षिणेकडले, आणि पुण्या-मुंबईस गेले तर परप्रांतातले. अशा वादात वंशावळी आणि सनदा पुढे केल्या जातात. त्या महत्त्वाच्या आहेतच. परंतु उपवासाच्या ताटाचा दाखलाही विचारात घेतला पाहिजे. ज्याला आपण परंपरेने पवित्र मानतो, तेच अन्न समुद्रापलीकडून आले, येथल्या मातीत वाढले आणि येथल्या हातांनी रांधले गेले, तेव्हा ते आपले झाले. सोन्याचा कस पाहताना सराफ ते कोणत्या खाणीतून निघाले हे विचारीत नाही. माणसाची पारख करतानाही एवढा विवेक ठेवावयास हरकत नसावी.