नाणेघाट: पाट्या राहिल्या, पुतळे गेले

आजचा भाग मुरबाडचा. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की मुरबाड, टोकावडे आणि पुढे वैशाखरे. तिथून पायवाटेनं वर चढलं की नाणेघाट. सोपारा, कल्याण या बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा.

घाटमाथ्याजवळच्या लेण्यात डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लेख आहे. त्यात सातवाहन राणी नागनिकेच्या काळातले यज्ञ आणि दानात दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं यांचे आकडे आहेत. पण आपल्याला बघायचीय ती मागची भिंत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं: राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. म्हणजे पाट्यांसकट मांडलेलं दालनच की! आज प्रतिमा गेल्यात, खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. तरी तिथे कोण उभं होतं ते आपल्याला सांगता येतं, कारण नावं राहिली.

आता उलटं बघा. ठाणे जिल्ह्यात देवळांच्या आवारात, पारावर वीरगळ असतात. शिल्प शाबूत, पण वीर कोण, लढाई कुठली, काही लिहिलेलं नसतं. दगड मूळ जागेवरून हलला, की तो कुठल्या शिवारातला हेही विसरलं जातं.

इथेच छोट्या संग्रहालयाचं काम कळतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या जुन्या वस्तू जमवल्या, त्यातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतल्या पाँपेईत 1938 मध्ये सापडलेली मूर्ती यांत साम्य आहे. तेरची मूर्ती तेरची म्हणून माहीत आहे, म्हणूनच ‘रोमपर्यंतच्या व्यापारात तेर होतं’ या म्हणण्याला आधार मिळतो. गावाचं नाव पुसलं असतं, तर ती नुसती एक सुंदर बाहुली.

शहापूर-मुरबाडला मोठी इमारत होईल तेव्हा होवो. तोवर आपल्या गावातल्या दगडाचा फोटो, गावाचं आणि शिवाराचं नाव, थोरामोठ्यांना ठाऊक असलेली हकीकत, एवढं ग्रामपंचायतीत किंवा शाळेत लिहून ठेवता येईल. दगड हलवायचा नाही, रंगवायचा नाही. नाणेघाटात नाव टिकलं म्हणून माणूस टिकला. तर एवढी पाटी आपणही लिहूया.